लायल टॉर्गर्सनला काढलं की नाही?

लायल टॉर्गर्सनला नोकरीवरून कुणी काढूच शकत नाही, असं खुद्द लायलचं ठाम मत होतं. आणि हे मत हवेतलं नव्हतं. चांगलं भिंतीवरचं होतं!

ओस्टबी फिश हाउस कंपनीच्या जेवणाच्या खोलीत, मायक्रोवेव्हच्या बरोब्बर वर, कामगारांच्या हक्कांचं सरकारी पोस्टर लावलेलं होतं. असं पोस्टर लावणं अमेरिकेत प्रत्येक मालकाला सक्तीचं आहे. वाचणं कुणालाच सक्तीचं नाही, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. लायल वाचायचा. त्याला कायद्याची फार आवड होती अशातला भाग नाही, पण बायकोने, म्हणजे डॅरलाने, भरून दिलेला डबा गरम व्हायला भलताच वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ समोर वाचण्यासारखं दुसरं काही नसायचं. असं करता करता किमान वेतन, जादा काम, हात कापला तर काय, म्हातारा म्हणून हिणवलं तर काय, हे सगळं त्याला पाढ्यांसारखं पाठ झालं. तळाशी छापलेल्या सरकारी कचेरीच्या फोन नंबरासकट!

अलीकडे डबा गरम होत असताना त्या खोलीत दुसरं कुणी नसे. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाला एकांत हवा, एवढी समज आपल्या कारखान्यातल्या लोकांना आहे, याचं लायलला कौतुक वाटे. वेल्डिंगची पोरं तर तो डबा उघडायच्या आधीच उठून आपल्या गाडीत जाऊन बसत. पत्रे कापणारा ड्वेन सगळ्यात शेवटी निघे आणि जाताना बाहेरचं दार सताड उघडं टाकून जाई. जानेवारीत! मिनेसोटात! बाहेर नाकातले केस कडक होतात अशा थंडीत!

"ड्वेन, दार लाव रे!"

"असू दे लायलभाऊ. जरा मोकळं वाटतं."

काही माणसांना उकडतंच, असं म्हणून लायल पुन्हा जादा कामाच्या परिच्छेदाकडे वळे.

हळूहळू सगळ्या कारखान्यात तो वकिलासारखाच झाला. कुणाच्या मेव्हण्याला साहेबाने झापलं, कुणाच्या बहिणीची सुट्टी नाकारली, की लोक लायलला गाठत. म्हणजे हल्ली सकाळी गाठत. दुपारी नाही.

"मेव्हण्याला काढतील म्हणतोयस? काढतील कसे? चौथा परिच्छेद वाच म्हणावं!" असं लायल म्हणे, आणि विचारणारा निम्म्या काळजीने घरी जाई. उरलेली निम्मी मेव्हण्याची.

अशा बेफिकीर काळात एका मंगळवारी वेंडेल ओस्टबी लायलच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. वेंडेल मालक. गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवायच्या, आत बसून मासे धरायच्या खोल्या, म्हणजे फिश हाउस, बनवण्याचा हा धंदा त्याच्या बापाने काढलेला. तो आणि लायल शाळेपासूनचे. एकाच हॉकीच्या संघात दोघांनी एकाच गोलकीपरचे दात पाडले होते. तो गोलकीपर त्यांच्याच संघाचा होता, पण ते असो.

"लायल," वेंडेल छताकडे बघत म्हणाला, "जरा तळ्यावर जाऊन येऊ का?"

लायल लगेच सावध झाला.

कारण नॉर्डलेक गावात जड गोष्टी तळ्यावर नेऊनच बोलतात. फिश हाउसमध्ये बसलं की दोघांनाही गळ सोडायला बर्फात पाडलेल्या भोकाकडे बघता येतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. वेंडेलच्या बापाने वेंडेलच्या आईला मागणी घातली ती भोकाकडे बघतच. तिने "हो!" म्हटलं ते आपल्याला की नेमक्या तेव्हाच गळाला लागलेल्या माशाला, याची त्या माणसाला मरेपर्यंत खात्री नव्हती. संसार मात्र चांगला झाला.

तर दोघं जाऊन बसले. गळ सोडले. कॉफी ओतली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, म्हणजे बोलणं अगदी रीतीने चाललं होतं.

"तू फार चांगलं काम केलंस, लायल," शेवटी वेंडेल भोकाला म्हणाला.

"चालायचंच," लायल आपल्या भोकाला म्हणाला.

"एवढ्या वर्षांत कुणी कधी तुझ्याविषयी काही बोललं नाही."

"नाही ना."

"पण आता…" वेंडेलने एक मोठा घोट घेतला. "बदल वाईट नसतो, लायल."

"नसतो."

"काही गोष्टी कशा, घरीच शोभतात. घरी बसून निवांत. कारखान्यात कसं… कोंडल्यासारखं होतं. सगळ्यांनाच. मी म्हणतो, तुझं बघून मला वाईट वाटतं. पण बाकीच्या लोकांचाही विचार करावा लागतो ना?"

लायलला आपल्या भोकातलं पाणी एकदम फार काळं दिसायला लागलं.

"तुला कळलं ना मी काय म्हणतोय?"

"हो तर," लायल म्हणाला. न कळल्याचं सांगणं नॉर्डलेकमध्ये उद्धटपणाचं समजतात.

वेंडेलने सुटकेचा निःश्वास टाकला, दोन्ही गुडघ्यांवर दोन्ही हात मारले आणि म्हणाला, "तर मग!" झालं. नॉर्डलेकमध्ये गुडघ्यांवर हात मारून "तर मग" म्हटलं की बैठक संपली. त्यापुढे देवसुद्धा बोलू शकत नाही. शिवाय निघताना त्याने स्वतः धरलेला वॉलआय मासा लायलच्या हातात ठेवला.

लायल घरी आला. डॅरला स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय टाकून बसली होती. तिचा उजवा गुडघा पार झिजला होता. मार्चमध्ये शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्या शस्त्रक्रियेचा सगळा भार होता लायलच्या नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की गुडघा गेला. हा या देशाचा शरीरशास्त्राचा नियमच आहे.

"काय म्हणाला वेंडेल?"

"मासा दिला."

"कसला?"

"वॉलआय. चांगला मोठा."

डॅरला बसलेलीच होती, तरी ती आणखी बसली. "स्वतःहून?"

"स्वतःहून."

"लायल, वेंडेलने याआधी मासा दिला होता तो कारखान्यातला मेल वारला तेव्हा. मेलच्या बायकोला."

"माहितीये."

"अरे मग विचारलं का नाहीस काय ते?"

"विचारायचं?" लायल इतका दचकला की मासा हातातून निसटून टेबलाखाली गेला. "तोंडावर?"

डॅरलाने मासा उचलायला वाकायचा प्रयत्न केला आणि गुडघा धरून कळवळली. लायलने ते पाहिलं. त्या रात्री मासा फार चविष्ट झाला होता, पण दोघांनीही तो ताटात नुसता इकडून तिकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी लायल वकिलाकडे गेला. नॉर्डलेकमध्ये नोकरीचे खटले बघणारी वकील एकच, रोझान डिपालो. ती मूळची न्यू जर्सीची. इथल्या दंतवैद्याच्या प्रेमात पडून येऊन राहिलेली. तिचं ऑफिस बोलिंगच्या क्लबच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यामागे खालून कडाड्कन दहा पिना पडल्याचा आवाज येई. गावात तिला सगळे मान देत आणि जरा घाबरतही. ती "नाही" म्हणायचं असेल तेव्हा "नाही" म्हणत असे!

"बोला. काढलं का तुम्हाला?"

"तसं काही म्हणता येणार नाही."

"म्हणजे नाही काढलं."

"तसंही म्हणता येणार नाही."

रोझानने पेन खाली ठेवलं. "मालक काय म्हणाले, ते शब्दाला शब्द सांगा."

लायलने सांगितलं. मधल्या शांततासुद्धा सांगितल्या, कारण त्याच्या मते खरं बोलणं त्यांतच झालं होतं. मग जरा धीर आला तसा त्याने पोस्टर म्हणायला घेतलं. किमान वेतनापासून सुरुवात केली. रोझानने त्याला जादा कामापर्यंत जाऊ दिलं.

"छान. पाठांतर चांगलं आहे. आता मला सांगा, 'तुम्हाला काढता येणार नाही' हे त्यात कुठे लिहिलंय?"

लायलने डोळे मिटून अख्खं पोस्टर वरून खाली वाचलं. मग खालून वर वाचलं. फोन नंबरही वाचला. नव्हतं! इतकी वर्षं तो त्या भिंतीसमोर उभा होता आणि नेमकं तेच तिथे नव्हतं!

"इथे मालक काही कारण न सांगतासुद्धा काढू शकतो," रोझान म्हणाली. खाली कडाड्कन पिना पडल्या. "कारण बेकायदेशीर नसलं म्हणजे झालं. वय झालं म्हणून काढलं, आजारी म्हणून काढलं, कुठल्या देशातून तुमचे आजोबा आले त्यावरून काढलं, तक्रार केली म्हणून काढलं, तर मी आहे. शर्ट आवडत नाही म्हणून काढलं, तर मी नाही."

लायलने हळूच आपल्या शर्टाकडे पाहिलं.

"मग मी आता काय करू?"

"राजीनामा द्यायचा नाही. चिडून घरी बसायचं नाही. मग ते म्हणतील हेच सोडून गेले. कसल्याही कागदावर सही करायची नाही, आधी माझ्याकडे आणायचा. लोक काय करतात, सही करून येतात आणि मग वकील शोधतात. म्हणजे दात काढून झाल्यावर माझ्या नवऱ्याकडे जाण्यासारखं!"

"बरं."

"आणि उद्या सकाळी जाऊन विचारायचं. 'वेंडेल, तू मला काढलंस का?' एवढंच."

चर्चमध्ये विजार न घालता जा, असं सांगितल्यासारखा लायलचा चेहरा झाला.

"दुसरा काही कायदेशीर मार्ग नाही का?" त्याने हळूच विचारलं.

आता गंमत अशी, की नॉर्डलेकमध्ये रस्ता एकच आणि क्लबसमोर उभी असलेली लायलची हिरवी पिकअप सगळ्यांच्या ओळखीची. लायलचा खांदा दुखतो, तो बोलिंग खेळत नाही, हेही सगळ्यांना माहीत. म्हणजे तो वरच्या मजल्यावर गेला होता हे सांगायला कुठल्या गुप्तहेराची गरज नव्हती. संध्याकाळच्या आत बातमी वेंडेलपर्यंत पोचली: लायलने वकील केली! वेंडेल त्या रात्री जेवला नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी लायल कामावर आला तर दारालगतची, स्वतः वेंडेलची गाडी लावायची जागा रिकामी होती आणि तिथे पाटी होती: 'लायल'. आत गेला तर टेबलापाशी नवीकोरी खुर्ची. पाठीला आधार, हातांना आधार, डोक्याला आधार!

"कशी आहे?" वेंडेलने दारातूनच विचारलं. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. "तुला त्रास नको म्हणून आणली. तुला काही त्रास आहे का, लायल? आपल्याकडे कुणाला त्रास आहे असं कुणी म्हणू नये, असं मला वाटतं."

लायलने ओळखलं. निरोपाची खुर्ची! तो सामान ठेवायच्या खोलीत गेला आणि कुजबुजत रोझानला फोन लावला.

"खुर्ची दिलीय. बसलो तर सही केल्यासारखं होतं का?"

"काय? नाही! बसा हो!"

"नक्की? कायद्याने?"

"टॉर्गर्सन, खुर्ची आहे ती! विचारलंत का त्यांना?"

"विचारणारच आहे," म्हणून लायलने फोन ठेवला आणि खबरदारी म्हणून दिवसभर उभ्याने काम केलं. वेंडेल काचेतून बघत होता. ज्या माणसाने एवढ्या खुर्चीलाही पाठ लावली नाही, तो आपल्याला कोर्टात खेचणार हे वेंडेलला कळून चुकलं.

शुक्रवारी केक आला. बेकरीवाल्याने "कशानिमित्त?" असं विचारल्यावर वेंडेल गडबडला असावा. कारण केकवर गुलाबी अक्षरांत एवढंच लिहिलं होतं: 'लायल, तर मग!'

सगळे गोल उभे राहिले. टाळ्या वाजवाव्यात की डोळे पुसावेत हे कुणालाच ठरवता येईना. एकाने "शुभेच्छा" म्हटलं, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

लायल पुन्हा सामानाच्या खोलीत.

"आता केक आणलाय."

फोनमधून ऐकू आलं, रोझानच्या ऑफिसखाली कुणीतरी एकही पिन न पाडता चेंडू घालवला.

"कसला?" तिने शेवटी विचारलं.

"चॉकलेटचा."

"मग खा. आणि विचारा!"

पण एकट्याने विचारणं लायलला जमेना. त्याने ठरवलं, साक्षीदार पाहिजे. पोस्टरवर साक्षीदाराबद्दल काही नव्हतं, पण पोस्टरवरचा त्याचा विश्वास आता तसाही उडाला होता. त्याने ड्वेनला गाठलं.

"ड्वेन, माझ्याबरोबर राहशील? काही घडलं तर बघायला?"

"काय घडणार आहे?"

"तेच कळत नाहीये."

ड्वेन मनाने चांगला, आणि सांगितलेलं काम मनापासून करणारा. तो सोमवारपासून लायलच्या मागे दोन पावलांवर राहायला लागला. लायल गोदामात, ड्वेन गोदामात. लायल कॉफीला, ड्वेन कॉफीला. फक्त दुपारी डब्याच्या वेळी तो दाराबाहेर बर्फात उभा राहून काचेतून बघे.

"काय रे ड्वेन," वेंडेलने त्याला अडवलं, "तुला काम नाही का?"

"आहे ना. मी साक्षीदार आहे."

"कशाचा?" वेंडेलचा आवाज चिरकला.

"अजून काही झालेलं नाही," ड्वेन गंभीरपणे म्हणाला. "पण माझं लक्ष आहे."

वेंडेल तडक गाडीत बसला आणि बोलिंगच्या क्लबवर गेला. त्या दुपारी रोझाननेच लायलला फोन केला.

"तुमचे मालक येऊन गेले. मला त्यांचं काम घेता येणार नाही, मी तुमच्या बाजूची आहे, असं सांगितलं, तर 'म्हणजे बाजू आहेत?' म्हणाले आणि माझ्या कुंडीला धरून खाली बसले. टॉर्गर्सन, तुम्ही अजून विचारलं नाहीत ना?"

"आज विचारणारच होतो. पण तो जरा अस्वस्थ दिसला."

"बास. आता मी विचारते. सगळे एकत्र बसा माझ्यासमोर."

वेंडेल तयार झाला. अट एकच: बैठक तळ्यावर.

आणि म्हणून गुरुवारी एका फिश हाउसमध्ये चार माणसं शिरली. कंपनीच्या जाहिरातीत ही खोली 'चौघांसाठी ऐसपैस' म्हणून विकली जाते. ते चौघे एकमेकांचे नातेवाईक असावेत आणि निदान दोघे लहान असावेत, असं जाहिरातीत लिहिलेलं नाही. वेंडेल कोपऱ्यात, लायल त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. ड्वेन साक्षीदार असल्यामुळे सगळं दिसावं म्हणून उभा, डोकं छताला टेकवून. आणि दंतवैद्याचा मोठा कोट घातलेली रोझान दोन भोकांच्या मधोमध, उलट्या बादलीवर. मध्ये हीटर फुरफुरत होता.

डॅरलाने खायला पाठवलं होतं. कुणी डबा उघडला नाही.

वेंडेलने सवयीने गळ सोडला. कॉफी ओतली. आपल्याला आता बराच वेळ गप्प बसायचं आहे, अशा बेताने तिघं पुरुष भोकाकडे बघायला लागले.

"ओस्टबी," रोझान म्हणाली, "तुम्ही या माणसाला कामावरून काढलंय का? हो की नाही?"

खोलीतली हवाच गेली! ड्वेनने डोळे मिटून घेतले; साक्षीदाराने तसं करू नये, पण ऐकवतच नव्हतं. लायलला स्वतःचाच भयंकर राग आला. बिचाऱ्या वेंडेलला असं उघडं पाडायचं! तो म्हणणार होता, राहू द्या, मी राजीनामा देतो. मग त्याला डॅरलाचा गुडघा आठवला आणि तो गप्प राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो गप्प राहिला ते भिडेने नव्हे.

तेवढ्यात वेंडेलच्या दोरीवरची घंटी खणखणली.

मासा! आणि साधासुधा नव्हे, दोरी सरसर आत चालली होती. वेंडेल झेपावला, लायल झेपावला, ड्वेन छतावर आपटला. पण रोझान भोकाजवळ होती. तिने दोरी धरली आणि हातमोज्याभोवती गुंडाळून घेतली.

"आधी उत्तर!"

"अहो ओढा!" वेंडेल ओरडला. "तुटेल!"

"तुटू दे! काढलंय का?"

"नाही! नाही! लायलला कशाला काढीन मी? लायलशिवाय कारखाना एक दिवस चालायचा नाही! ओढा!"

"मग त्या दिवशी काय सांगायचं होतं? 'घरीच शोभतं' काय? 'बदल' काय?"

"डबा!" वेंडेल किंचाळला. इतकं सरळ तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि एकदा सुटलं ते सुटलंच. "त्याचा तो डबा! लुटेफिस्क! नाताळपासून रोज! मायक्रोवेव्हमध्ये!"

ज्यांना लुटेफिस्क ठाऊक नाही त्यांचं भाग्य थोर. सुका मासा पापडखारापेक्षा जहाल खारात दिवसच्या दिवस भिजवून थुलथुलीत करायचा, मग धुवून शिजवायचा. नॉर्वेहून येताना आज्यांनी आणला. नातवंडं वर्षातून एकदा, नाताळला, भक्तिभावाने खातात. वर्षातून एकदा. खिडक्या उघड्या ठेवून. यंदा चर्चच्या जेवणाची सामग्री मागवायचं काम डॅरलाकडे होतं, तिने अंदाज जरा सढळ धरला, आणि उरलेला सगळा मासा तिच्या फ्रीझरमध्ये आला.

"माझ्या कोटाला वास लागलाय, लायलभाऊ," ड्वेन छताखालून म्हणाला. "बायको गॅरेजमध्येच कपडे बदलायला लावते."

"वेल्डिंगची पोरं गाडीत बसून जेवतात रे," वेंडेल म्हणाला. "या थंडीत!"

लायल थक्क होऊन दोघांकडे बघत होता. "मला वाटलं, ते मला एकांत देतात."

"आणि मला वाटलं, तू खटला भरतोस! आजोबा नॉर्वेचे म्हणून डब्याला नावं ठेवली, असा!"

"वेंडेल, तुझेही आजोबा नॉर्वेचे."

"म्हणून तर बोलता येईना!"

रोझान एका हाताने अजून माशाशी झुंजत होती. तिने एक जोराचा हिसका दिला आणि एक दांडगा वॉलआय भोकातून उसळून थेट ड्वेनच्या बुटांवर पडला. तिने न्यू जर्सीच्या भाषेत जे काय म्हटलं ते तिघांनी सभ्यपणे ऐकलं नाही असं दाखवलं.

सगळं शांत झाल्यावर तिने लायलला विचारलं, "एवढं आवडतं तुम्हाला ते?"

"मला?" लायल म्हणाला. "छे! मला कधीच आवडलं नाही."

"मग रोज का नेता?"

"डॅरला मनापासून करते हो."

"तिला आवडतं?"

लायलने विचार केला. "नाही. तिला वाटतं मला आवडतं."

हीटर फुरफुरत राहिला. रोझानने कपाळाला हात लावला. हातमोजा माशाचा होता, ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

"टॉर्गर्सन, हा शेवटचा सल्ला. कायद्याचा नाही, तरी ऐका. घरी जा आणि बायकोला सरळ सांगा. तोंडावर. 'डॅरला, मला हे आवडत नाही.' जमेल?"

"जमेल की!" लायल म्हणाला. आज त्याला काहीही जमलं असतं. नोकरी होती, विमा होता, गुडघा होता, खुर्चीसुद्धा होती! त्या दिवशी कारखान्यात परत जाऊन तो पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला आणि पाठ टेकून असा काही सुखावला की ड्वेनने, साक्षीदार या नात्याने, सगळ्यांना ते येऊन बघायला सांगितलं.

सोमवारी सकाळी रोझानच्या ऑफिसातला फोन वाजला. डॅरला टॉर्गर्सन होती. आवाज जड होता.

"तुम्ही घटस्फोटाचं बघता का हो?"

"का? काय झालं?"

"लायल काल मला तळ्यावर घेऊन गेला. 'जरा जाऊन येऊ' म्हणाला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'तू माझ्यासाठी फार केलंस, डॅरला. पण बदल वाईट नसतो.'"

रोझानने डोळे मिटले. "शब्दाला शब्द सांगा. नंतर?"

"नंतर गुडघ्यांवर हात मारले. एक त्याच्या, एक माझ्या दुखऱ्या." डॅरलाला हुंदका आला. "आणि मला मासा दिला. साफ करून!"